काटा चारच्या खाली

लोणीच्या सुदर्शनने आपल्या जुन्या आठशे मारुतीत भंगारातल्या मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं, तेव्हा गावात बरेच दिवस तोच विषय चालला. मूळचं तीन सिलिंडरचं इंजिन ऐन उन्हाळ्यात जाम झालं होतं. मंचरला गॅरेज असलेला त्याचा मित्र ऋषी म्हणाला, ह्याच्यावर खर्च करण्यापेक्षा चार सिलिंडरचं टाकू, गाडी पळंल तरी. दोघांनी सुट्टीच्या दिवशी गॅरेजच्या मागं खपून ते बसवलं आणि गाडी खरंच पळायला लागली.

एक गोष्ट मात्र राहिली होती. डॅशबोर्डवर स्पीडचा काटा होता, पण इंजिन किती फेऱ्यांनी फिरतंय ते दाखवणारा आरपीएमचा मीटर नव्हता. त्या गाडीला तो पहिल्यापासूनच नव्हता.

"बाहेरून एखादा मीटर आणून लावावा का रं?" सुदर्शनने एकदा सहज विचारल्यासारखं केलं.

ऋषी पान्हा पुसत हसला. "तुला काय रेस लावायचीय? लोणी ते मंचर जायचं, बाजार घिऊन यायचं. इंजिन वरडायला लागलं की गिअर टाकायचा. कान कशाला दिल्यात देवानं?"

सुदर्शनही हसला. मग त्याने घाईने दुसराच विषय काढला.

बोअर मारायच्या गाडीवर त्याची दहा-बारा वर्षं गेली होती. काँप्रेसरच्या शेजारी उभं राहायचं, लिव्हर धरायचा, आणि खाली दगड फुटत जाईल तसे रॉड उतरवायचे. संध्याकाळी घरी आल्यावर कानात रातकिडे किरकिरायचे. आधी ते सकाळपर्यंत शांत व्हायचे. मग थांबेनासे झाले. एकदा बायको रोहिणी गोठ्यात जाताना म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. तो चुलीपासून दोन हातांवर बसला होता. डाळ जळल्याचा वास आला तेव्हा त्याने वर पाहिलं. रोहिणीने त्याच्या मोबाईलला शिव्या घातल्या आणि त्याने त्या मुकाट्याने ऐकून घेतल्या, कारण मोबाईलवर आळ गेलेला बरा होता.

त्यापेक्षा वाईट झालं ते रिगवर, म्हणजे बोअरच्या गाडीवर. त्याच्या जोडीला काम करणारा दादाभाऊ रॉड जोडत होता आणि 'थांब' म्हणून ओरडला. सुदर्शनने लिव्हर ओढला. दादाभाऊने हात मागं घेतला म्हणून बोटं राहिली. तो पांढराफटक पडून बघत राहिला.

"कुठं ध्यान व्हतं तुजं?"

"चुकलं, दादाभाऊ. डोळ्यात धूळ गेली."

तेव्हापासून तो लिव्हरला हात लावला की दादाभाऊच्या ओठांवर नजर खिळवून ठेवायचा.  हे कुणाला सांगावं, तर मालक उद्यापासून येऊ नको म्हणेल. आणि त्याहून मोठी भीती अशी की एकदा तोंडातून निघालं की ते खरंच होऊन बसेल.

नव्या इंजिनाने ही भीती घरापर्यंत आणली. त्याचा जाड घुमारा सीटमधून पाठीला कळायचा, पण फेऱ्या वाढल्यावर जो बारीक, तीक्ष्ण आवाज निघतो तो त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. ऋषी म्हणायचा, वरडायला लागलं की गिअर टाक. सुदर्शनला ते वरडणं कुठं सुरू होतं हेच कळत नव्हतं.

त्याने मोबाईलवरून एक मीटर मागवला. रोहिणी माहेरी गेलेली असताना अंगणात गाडी लावून, वायर जोडून, डॅशबोर्डवर बसवून टाकला. सोबतच्या चिठ्ठीवर चिनी अक्षरं होती आणि मुंगीएवढी इंग्रजी. गाडी चालू केली, काटा उठला, ॲक्सिलेटर दाबला तसा वर चढला. सुदर्शनच्या छातीवरचं ओझं उतरलं. गाडी नुसती उभी असताना काटा सहाशेच्याही जरा खालीच राहत होता. इंजिन किती शांत लागलंय, असं त्याला वाटलं. त्याने मनाशी ठरवलं, की चार हजाराच्या वर काटा कधी न्यायचा नाही. चारच्या खाली असलं की सगळं ठीक.

ऋषीला त्याने सांगितलं, शोसाठी लावला.

भाताची कापणी उरकल्यावर तळेघरच्या सावळेरामचा फोन आला. त्याच्या खाचराच्या वर सुदर्शननेच बोअर मारला होता आणि पाणी चांगलं लागलं होतं. "पावणं, नवा तांदूळ झालाय. पोरीला घिऊन जेवायला या." रविवारी सकाळी सुदर्शन, रोहिणी आणि मागच्या सीटवर सहा वर्षांची सृष्टी असे निघाले. घोडेगाव गेलं, डिंभे धरणाचं पाणी उजव्या-डाव्या हाताला चमकायला लागलं, आणि पोखरीचा घाट लागला.

"अहो, गाडी एवढी का वरडतीय?" रोहिणी म्हणाली.

त्याने तिच्या ओठांवरून ओळखलं. बोटाने मीटर दाखवला. "चारच्या खाली हाय बघ."

तिने मीटरकडे बघितलं. तिला गाडीतलं काही कळत नव्हतं, असं ती स्वतःच म्हणायची.

सावळेरामच्या घरी वाफाळता भात, नाचणीची भाकरी आणि वरण झालं. सृष्टी अंगणात कोंबड्यांमागं पळाली. ऊन कलायच्या आत घाट उतरावा म्हणून ते लवकरच निघाले.

घाट उतरताना सुदर्शनने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. रिगचा ट्रक उतरवायची सवय. इंजिनाने गाडी धरून ठेवायची, ब्रेक तापवायचा नाही. उतार वाढला तशी गाडी आपल्या वजनाने पुढं रेटायला लागली. काटा तीनवर आला, साडेतीनवर गेला. त्याला निर्धास्त वाटत होतं.

रोहिणीने दाराची मूठ घट्ट धरली. "अहो, लई आवाज येतोय."

"काय?"

"आवाज. किंकाळी फोडल्यासारखी करतीय गाडी. थांबवा."

"काटा बघ की. चार न्हाई झालं अजून."

"काट्याचं ऱ्हाऊ द्या. तुमाला ऐकू येत न्हाई का?"

तिचा प्रश्न साधा होता, सगळेच असं म्हणतात. पण सुदर्शनला तो नेमका झोंबला. त्याने मीटरवरून नजर काढलीच नाही. काटा चारला टेकत होता. मीटर आणि रोहिणी, दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि रोहिणी खोटं बोलत नव्हती, हे त्याला त्या वळणावर कळलं. ब्रेक दाबायला त्याने पाय उचलला, तेवढ्यात पुढं बॉनेटखाली काहीतरी फटकन सुटल्यासारखं झालं. गाडी हिसका देऊन थरथरली. त्याने घाबरून क्लच दाबला.

इंजिन मेलं. पाठीला लागणारा घुमारा एकदम गेला. मोकळी झालेली गाडी उतारावर सुटली.

त्याने ब्रेक दाबला. पहिल्यांदा जरा धरला, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा, इंजिनच बंद असल्याने, पेडल दगडासारखं घट्ट झालं. पुढं डावीकडं वळण, आणि वळणापलीकडं नुसतं आभाळ. सुदर्शन दोन्ही पायांनी पेडलवर उभा राहिला. त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं, पोर मागं आहे. रोहिणीने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागची चाकं घसरली. त्याने स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला पिळलं. गाडी कडेच्या चारीत उतरली, मातीला घासत गेली आणि दरडीला टेकून थांबली.

धुरळा खाली बसला. सुदर्शनने आरशात पाहिलं. सृष्टीचं तोंड सताड उघडं होतं, गाल ओले होते, मान ताठ झाली होती. आणि गाडीत काहीच आवाज नव्हता.

त्याला वाटलं, पोरीचा श्वास अडकला. तो वळून तिला गदागदा हलवायला लागला. "रोहिणी, हिला बघ. ही रडत का न्हाई? हिचा आवाज का येत न्हाई?"

रोहिणीच्या कपाळाला खोक पडली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिने पोरीला पुढं ओढून छातीशी धरलं आणि त्याचा हात घेऊन तिच्या पाठीवर ठेवला. ती बारीक पाठ हुंदक्यांनी धडधडत होती.

"किंचाळून रडतीय ती," रोहिणी हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "कवापासून हाय हे?"

सुदर्शनने सगळं सांगितलं, कुकरपासून दादाभाऊच्या हातापर्यंत. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती थरथरत होती, आणि ते रागाने की भीतीने हे त्याला ओळखता आलं नाही.

दुधाच्या पिकअपने गाडी चारीतून ओढून घोडेगावपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी ऋषीने ती मंचरला नेऊन बॉनेट उघडलं. टायमिंगचा पट्टा तुटला होता, व्हॉल्व्ह वाकले होते.

"किती फिरवलंस हे?"

"चारच्या वर गेलो न्हाई."

ऋषीने मीटर सोडवला आणि उलटा करून बघितला. मागं नखाएवढी कळ होती. चार, सहा, आठ असे आकडे. कळ सहावर होती. "हे किती सिलिंडरचं इंजिन हाय ते सांगायचं असतं राव. तुजं चारचं. सहावर ठिवलं की मीटर कमी दावतो. हे चार हजार म्हंजे खरे सहा हजार. तू एवढा येळ इंजिन जाळत व्हतास." त्याने वर पाहिलं. "पन कानाला कळलं न्हाई का तुज्या?"

"न्हाई कळलं," सुदर्शन म्हणाला. "म्हणून तर मीटर लावला."

ऋषीने मीटर हळूच खाली ठेवला. देवाने कान कशाला दिलेत, हे आपणच म्हणालो होतो, ते त्याला आठवलं असावं.

पुण्याला कानाच्या डॉक्टरांनी सुदर्शनला एका बंद खोलीत बसवलं. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. थोड्या वेळाने काही येईना, आणि समोरच्या काचेतून तपासणाऱ्या बाई तर बघतच होत्या. आवाज लावलाय की लावलाच नाही, हेच त्याला समजेना. शाळेत गणित न आलेल्या पोरासारखा तो अंदाजाने बटण दाबायला लागला.

"ऐकू आलं तरच दाबा," बाई दार उघडून म्हणाल्या. "इथं कुणी नापास करत नाही."

बारीक आवाज ऐकायची ताकद गेली होती आणि ती परत येणार नव्हती. कानाला मशीन लावलं तर बोलणं कळेल. बोअरवर राहिलात तर उरलंय तेही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

तो दादाभाऊच्या घरी गेला. दादाभाऊ ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून त्याने आपली बोटं उघडून मिटली.

"मंजी त्या दिवशी धूळ न्हवती."

"न्हवती."

"माजा हात जायचा व्हता. आन् तू त्यानंतरबी कितीक महिनं लिव्हर धरलास." तो उठून आत गेला आणि त्या दिवशी परत बाहेर आला नाही. पुढं त्यानेच मालकाशी बोलून सुदर्शनला बोअरमध्ये पाण्याच्या मोटारी उतरवायच्या कामावर घालून घेतलं, पण दोघांत पूर्वीसारखं बोलणं राहिलं नाही.

गाडी नीट व्हायला उन्हाळा उजाडला. ऋषीने मीटर पुन्हा बसवला, कळ चारवर ठेवली आणि सुदर्शनला दाखवून वर चिकटपट्टी मारली. सुदर्शन चालवायच्या सीटवर बसला नाही. त्याने चावी रोहिणीला दिली.

रिकाम्या रानात ती पहिल्यांदा स्टिअरिंगमागं बसली. शेजारी तो, कानात नवं मशीन, नजर काट्यावर. इंजिन चालू झालं तसा त्याच्या पाठीला घुमारा लागला.

"भ्या वाटतंय मला," तो म्हणाला.

"मलाबी," रोहिणी म्हणाली. "क्लच किती सोडू?"