किटलीच्या वाफेवर सरळ झालेला पंख

मी एक ग्लायडर. म्हणजे रिमोटवर चालणारं, बिनइंजिनाचं स्पर्धेचं विमान. सध्या मुक्काम छताच्या हुकाला. खोलीतला पंखा लावला की जरा डुलतो, तेवढंच माझं उडणं.

मला बाबांनी घडवलं. तसबिरींना चौकटी करून द्यायचा त्यांचा धंदा, आणि फावल्या वेळात मी. बाल्सा नावाचं लाकूड इतकं मऊ की नखानेही खूण पडते. त्याच्या फासळ्या, वरून पातळ प्लास्टिक, आणि ते ताणून बसवायला आईची इस्त्री.

“माझ्या कपड्यांना चिकट लागलं ना, तर बघा!” आई दर वेळी बजावायची.

आपल्या पोरीला बाबांनी माझ्यावरच उडवायला शिकवलं. दमट हवेने माझा पंख वाकला, की बाबा तो उकळत्या किटलीच्या वाफेवर धरत आणि कान पिळावा तसा पिळून सरळ करत. काय दिवस होते ते!

मग एक दिवस खोक्यातून कार्बनचा ग्लायडर आला. काळा, गुळगुळीत, ना वाकणं ना फुगणं. खरं सांगतो, वेगात आणि वळणात तो माझ्यापेक्षा सरस होता. मी आपला छताला लटकून जळत राहिलो.

स्पर्धेच्या संघाच्या निवडीला मला नेलं ते राखीव म्हणून. सराव उड्डाणात कार्बन लांबच्या वळणावर गेला आणि रिमोटचं काही ऐकेनासा झाला. सरळ जमिनीत! पोरीने रिमोटचा संदेश पकडणारी रिसिव्हरची तार त्याच्या पोटात ठेवली होती, माझ्या ठेवायची तशीच. लाकडातून रेडिओचा संदेश आरपार जातो, कार्बन तो अडवतो. तार बाहेर काढायला हवी होती.

“अगं, चूक माझी,” बाबा म्हणाले. “पोटात ठेव, हे मीच शिकवलं तुला.”

“ते राहू द्या हो बाबा. या जुन्याचा पंख बघा, दमट हवेने केवढा वाकलाय! अर्ध्या तासात माझा नंबर आहे.”

बाबा मला घेऊन मैदानाच्या कॅन्टीनकडे धावले आणि पंख किटलीवर धरला.

“काका, चहा हवाय की विमान उकडायचंय?” चहावाल्याने विचारलं.

“दोन्ही. आधी विमान.”

घाईत त्यांचा अंगठा जोरात दाबला गेला आणि पंखाच्या कडेला खळगा पडला. पण पंख सरळ झाला. आम्ही उडालो. वेग बेताचाच, पण एकही वळण चुकलं नाही. पोर संघात आली, अगदी शेवटच्या जागेवर. बाबांचे डोळे वाहत होते. म्हणे, वाफ गेली डोळ्यांत.

आता बाबा नाहीत. कार्बन दुरुस्त झाला, तार मिशीसारखी बाहेर काढून दर रविवारी मैदानावर मिरवतो. मिरवू दे बापडा.

काल पोरीने मला खाली काढलं. नवं प्लास्टिक चढवायचं होतं. जुनं सोलून ती लांबीचा लगदा भरून एकेक खड्डा बुजवत आली, आणि पंखाच्या कडेला थांबली. आपला अंगठा तिने त्या खळग्यात ठेवला. मलाही बाबांची फार आठवण आली.

पोरी, प्लास्टिक बदल, वाफ दे, हवा तेवढा पीळ मला. कार्बनवर असा ठसा उमटत नाही गं. एवढा एक खळगा तेवढा बुजवू नकोस.