कडुनिंबापर्यंतचं पेट्रोल

मी एक स्कूटर. रंग फिकट निळा, अंगाने जड, आणि सगळं वजन उजव्या कुशीत, त्यामुळे उभी असतानाही जरा कललेली दिसते. सध्या मी यवतमाळच्या एका घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये असते. माझ्या सीटवर मांजर झोपतं. बोलायला वेळ भरपूर आहे, म्हणून माझी हकीकत सांगते.

माझा नंबर वामनरावांनी लावला होता. त्या काळी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. मी घरी आले तोवर त्यांचा मुलगा चारुदत्त लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये, सरकी वेगळी करून कापसाच्या गाठी बांधतात तिथे, ऑफिसात कामाला लागला होता. मग मी त्याचीच झाले.

वामनरावांनी त्याला एक सवय लावली. गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा. माझ्या सीटखाली पुढच्या बाजूला ही लहानशी चावी आहे. ती बंद असली की टाकीतलं पेट्रोल खाली उतरत नाही. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर मात्र मी सुरू होते, थोडं धावते आणि मग खोकून थांबते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

चारुदत्त मुळातच जरा उतावळा. दूध उतू जायच्या आधीच पातेलं उचलून बोटं पोळून घेणारा. पण तेव्हा त्याच्या मनात येणं आणि हाताने करणं यांत थोडी जागा असायची. मला तिरकी करायचा, किक मारायचा, इंजिन गरम होईपर्यंत रुमालाने आरसा पुसायचा. त्याची लेक शाल्मली पुढे उभी राहायची, दोन्ही हातांनी हँडल धरून. चालवतेय तीच, असा तिचा चेहरा.

मग कापसाची वाईट वर्षं आली. पूर्वी जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची. आता तिथे दुपारी कुत्री झोपू लागली. ऑफिसातल्या माणसांना काम उरलं नाही, ड्यूटी मात्र पूर्ण होती. आवारात काडी पेटवायला बंदी, म्हणून तीनचार जण कंपाउंडच्या भिंतीमागे जाऊन बसत. तिथेच अभिषेक नावाच्या सहकाऱ्याने सिगारेटमधली तंबाखू झाडून तिच्यात गांजा भरून दिला.

"घ्या चारुभाऊ, गंमत आहे. दुपार कशी गेली समजत नाही."

दुपार खरंच समजली नाही. आधी शनिवारपुरती असलेली गंमत पुढे रोजची झाली, आणि सुट्टीच्या दिवशीही तो मला घेऊन त्या भिंतीपाशी जाऊ लागला.

माणसांना वाटतं नशा उतरली की संपलं. मी त्याच्या हाताखाली होते, मला वेगळं दिसलं. नशा नसतानाही त्याची ती मधली जागा लहान होत गेली. मनात आलं की हॉर्न. मनात आलं की वेग. समोरचा बाजूला होईपर्यंत थांबणं त्याला सहन होईना. उतावळा होता म्हणून ओढू लागला, की ओढू लागला म्हणून अधिक उतावळा झाला, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकमेकांना ढकलत होते. अभिषेक तेच ओढायचा आणि आठवडाभर सोडूनही राहायचा. चारुदत्तला ते जमलं नाही.

एका संध्याकाळी तो भिंतीपाशी बसून घरी आला आणि शाल्मलीला घेऊन वह्या आणायला निघाला. पुढे कापसाचा मेटॅडोर होता. वळण संपेपर्यंत थांबायचं होतं, एवढंच. तो थांबला नाही. समोरून एसटी आली, त्याने मला रस्त्याखाली घातलं. शाल्मलीची हनुवटी माझ्या स्पीडोमीटरवर आपटली. काच तडकली. तिला टाके पडले.

त्याची बायको अनघा ओरडली नाही. शाल्मली झोपल्यावर अंगणात आली, माझ्या काचेवरून बोट फिरवत म्हणाली, "आता शाल्मली तुमच्या गाडीवर बसणार नाही. सोडलं म्हणून मला सांगू नका. मला दिसेल तेव्हा मी बघेन."

तो कळंबला गेला. चिंतामणी गणपतीसमोर हात जोडून सोडल्याची शपथ घेतली. डोळे पुसतच बाहेर आला. आणि यवतमाळला येऊन घर ओलांडून मला थेट लोहाऱ्याला घेऊन गेला. शपथ खोटी नव्हती. ती शांत मनाने घेतली होती, आणि ओढ यायची तेव्हा मन शांत नसायचं.

त्याच्या घाईत वामनरावांची सवयही सुटली होती. कॉक उघडाच राहायचा आणि अंगणात पेट्रोलचा वास सुटायचा. एका रविवारी अनघाने वैतागून तो बंद केला. दुपारी चारुदत्तला ओढ लागली. किक मारली आणि निघाला. लोहाऱ्याच्या वाटेवर, दारव्हा रोडवरच्या कडुनिंबापाशी मी खोकले आणि थांबले.

त्याने किकवर किक मारली. सावलीत रुपीबाई फुटाणे विकत बसायची. ती पाहत होती.

"काहून मारून राह्यले साहेब तिले? लात मारून म्हैस तरी दूध देते काय?"

"घाई आहे हो, बाई."

"कायची घाई? आज तं आयतवार. बसा, फुटाणे खा. गाडीले बी दम लागते."

तो बसला, दुसरं काही सुचेना म्हणून. फुटाणे खाता खाता त्याला कॉक आठवला. वाकून त्याने तो उघडला. पण आता भिंतीपाशी जायचंच असं राहिलं नव्हतं. ओढ होती, पण तिच्या शेजारी त्याला बसता येत होतं. त्याने मला घराकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याने कॉक स्वतः बंद केला. संध्याकाळी ओढीने उठला, तरी कॉकला हात न लावता किक मारली. अनघाने पाहिलं.

"अहो, कॉक बंद आहे."

"असू दे. कडुनिंबापर्यंत जातो. तिथे थांबून विचारतो, जायचं का म्हणून."

"कोणाला विचारता?"

"मलाच. घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं."

दरवेळी उत्तर चांगलं आलं नाही. काही वेळा वाकून, कॉक उघडून तो पुढे गेलाच. मग अनघा त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते औषध आणि ते बोलणंही कामी आलं, सगळं श्रेय मी घेणार नाही. पण कडुनिंबापासून परतीच्या फेऱ्या वाढत गेल्या.

"तुमची गाडी मले पाहूनच थांबते काय?" रुपीबाई चिडवायची.

"तुमचे फुटाणे पाहून," तो म्हणायचा. आता तो हसायचाही.

पुढे मी कडुनिंबापाशी थांबेनाशी झाले, कारण तो त्या वाटेला ओढीने निघेनासा झाला. पुन्हा कॉक उघडून निघू लागला, तेही आठवणीने. आरसा पुन्हा रुमालाने पुसू लागला. अनघा बघत होती.

मग एका सकाळी शाल्मलीची शाळेची रिक्षा आली नाही. तिचा पेपर होता. चारुदत्तने विचारलं नाही, नुसता माझ्याजवळ उभा राहिला. शाल्मलीने आईकडे पाहिलं. अनघाने हातातला डबा पिशवीत ठेवला, पिशवी लेकीच्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "हळू न्या."

पुढे उभी राहण्याइतकी शाल्मली आता लहान नव्हती. हनुवटीवर बारीक पांढरी रेघ होती. मागे बसायच्या आधी ती वाकली.

"बाबा, कॉक बंद आहे. उघडू?"

"उघड," तो म्हणाला. त्याचे हात माझ्या हँडलवर किती हलके झाले, ते मला एकटीला ठाऊक.

त्या वळणावर कापसाचा ट्रक पुढे होता. आम्ही त्याच्या मागेमागे, त्याच्या चालीने गेलो. कापसाचे पुंजके आमच्यावर उडत होते. पेपर वेळेवर मिळाला.

आता शाल्मली नोकरीला पुण्यात आहे. माझी टाकी कोरडी आहे, तडकलेली काच तशीच आहे. ती बदलू नका, एवढंच माझं मागणं. भंगारवाला अधूनमधून येतो, मला ठोकून बघतो, भाव सांगतो. चारुदत्त मान हलवत ऐकून घेतो, माझ्या आरशावर रुमाल फिरवतो आणि म्हणतो, "आज नको. उद्या विचार करून सांगतो."

हे उत्तर तो कितीतरी दिवस देतोय. भंगारवाला कंटाळलाय. मला काही घाई नाही.