चोरकप्प्यातली डबी

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. कपाटाच्या माथ्यावर, रजयांच्या गठ्ठ्याशेजारी माझा मुक्काम असतो. माझा रंग एकेकाळी हिरवा होता. आता त्याला काय म्हणावं, ते मलाही सांगता येणार नाही.

शिलाई यंत्रांच्या एका लांबट खोलीत माझा जन्म झाला. मला शिवणाऱ्या बाईंनी पाठीच्या बाजूला एक चोरकप्पा लावला आणि त्याला दुहेरी शिवण घातली. "ही काही उसवायची नाही," त्या शेजारणीला म्हणाल्या. ते माझं पहिलं कौतुक.

मला विकत घेणारा तरुण जमिनींची मोजणी करायचा. फीत, नकाशे, जेवणाचा डबा असं सगळं पोटात घेऊन मी सहा वर्षं त्याच्या पाठीवर माळरानं पालथी घातली. "सॅक असावी तर अशी," तो सोबत्यांना सांगायचा.

मग एका सुट्टीत त्याने नकाशे काढून ठेवले आणि चोरकप्प्यात मखमलीची एक डबी सरकवली. आत अंगठी होती. आठ दिवसांचा प्रवास होता आणि सोबत त्याची मैत्रीण होती. ती शाळेत शिकवायची, म्हणून तो तिला 'बाई' म्हणायचा आणि ती त्याला 'मोजणीदार'. लग्नाचं विचारायचं ते एखाद्या सुंदर जागीच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पहिल्या दिवशी धबधबा पाहिला. त्याचा हात चोरकप्प्यापर्यंत आला, तेवढ्यात शेजारी एक मोठं कुटुंब डबे उघडून बसलं. "चल, पुढे आणखी छान जागा असेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली चहा सांगायला गेला. तिच्या टाचेला फोड आला होता. चिकटपट्टी शोधताना तिने चोरकप्पा उघडला आणि डबी तिच्या हाती लागली. तिने ती उघडून पाहिली, स्वतःशीच हसली आणि होती तशी परत ठेवली.

"पट्टी मिळाली का गं?" त्याने येऊन विचारलं.

"मिळाली."

तेव्हापासून कुठेही पोहोचलो की ती आधी केस विंचरायची. तळ्यावर नावेत ती मुद्दाम त्याच्यासमोर बसली. "काय मोजणीदार, बोला की काहीतरी!"

"तो डोंगर आडवा येतोय बघ," तो म्हणाला. "सूर्यच दिसत नाहीये."

टेकडीवर वारा फार होता. बागेत कारंजं बंद होतं. पाचव्या दिवशी दीपगृहाशी तो कुठे उभं राहावं ते पावलं टाकून मोजत होता आणि ती पायरीवर मला टेकून बसली होती. तिचं अंग तापलं होतं. माझ्या कापडाला ते कळत होतं.

"खोलीवर जाऊ या का रे? अंग दुखतंय."

"दहाच मिनिटं थांब. ऊन उतरलं की काय उजेड पडेल बघ!"

ढग आले. उजेड पडला नाही.

सहाव्या दिवसापासून तिने कंगवा बाहेर काढला नाही.

शेवटच्या दिवशी बस स्थानकावर, गाडीला वीस मिनिटं असताना, तो घाईला आला. फलाटावर डिझेलचा वास होता. त्याने डबी काढली.

"बाई, लग्न करशील माझ्याशी? जागा काही मनासारखी मिळाली नाही, पण..."

"मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पट्टी शोधताना पाहिली मी ती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तळ्यावर म्हटलं, बोला काहीतरी. दीपगृहाशी म्हटलं, अंग दुखतंय. दोन दिवस ताप होता मला. तुला कळलंसुद्धा नाही."

"चुकलं माझं. पण तुझं उत्तर?"

"नाही रे." ती शांतपणे म्हणाली. "राग आला असता तर भांडले असते. पण आता काही वाटतच नाहीये."

गाडी आली. जागा शेजारीशेजारीच होत्या. चार तास दोघं खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना तिने मला फळीवरून काढून त्याच्या हातात दिलं. "नीट जा घरी," म्हणाली.

घरी आईने विचारलं, "काय रे, कसा झाला प्रवास?"

"छान. जागा फार सुंदर होत्या," तो म्हणाला. जेवला, ताट धुतलं, मला कपाटावर टाकलं.

त्यानंतर तो नवी सॅक घेऊन कामावर जाऊ लागला. डबीचं त्याने काय केलं, मला ठाऊक नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाट पाहिली, पण तसं काही वाटलं नाही. धूळ बसते, रजया वर-खाली होतात, वर्ष सरतं.

मित्रांनो, प्रवासाहून आलात की सॅक रिकामी करा, उन्हात टाका, चेनीवर मेणबत्ती घासा. एवढ्यावर आमचं भागतं. पण सोबतचं माणूस अंग दुखतंय म्हणालं, तर हातातलं सगळं खाली ठेवा आणि आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघा.