अडलेले उत्तर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण मला पाहिलेत तर तुम्ही ते लवकर मान्य करणार नाही. मला पडदा नाही, कळफलक नाही. शिवणयंत्राच्या खोलीत, लाकडी कपाटाच्या वर, दोन रिकाम्या सुटकेसच्या मधे मी बसलेला असतो. पुढे एक हिरवा दिवा मिणमिणतो आणि आत पंखा घरघरतो. मी चालू आहे हे कळायला एवढीच खूण. माझे काम टपालाचे. या घरातल्या माणसांना येणारे ईमेल घ्यायचे, जपून ठेवायचे आणि ज्याचे त्याच्या हाती द्यायचे. शिकलेली माणसे मला सर्व्हर म्हणतात. गोष्ट सांगण्याचा मला सराव नाही. मी आजवर फक्त नोंदी केल्या आहेत, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझी उमेदीची सहा वर्षे एका विमा कचेरीत गेली. मग तिथे नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना जिन्याखाली रचून ठेवले. तिथून मला उचलले ते रेडिओकाकांनी. चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, म्हणून सारी गल्ली त्यांना रेडिओकाका म्हणते. त्यांनी रंगाच्या ब्रशने माझ्या पोटातली धूळ झाडली, नवा पंखा बसवला आणि मला कपाटावर चढवले.

"आपली पत्रं आपल्या घरात हवीत," ते काकूंना म्हणाले. "दुसऱ्याच्या गोदामात कशाला?"

"पत्रं येतात चार आणि थाट बघा केवढा," काकू म्हणाल्या. "असू दे. पण त्याची धूळ तुम्हीच पुसायची हं."

काका खरोखरच पुसत. दर रविवारी सकाळी ते स्टुलावर चढत, मला एक छोटा पडदा जोडत आणि माझी नोंदवही वाचत. कोण आले, कोणाला आत घेतले, कोणाला का परत पाठवले, हे सगळे मी त्या वहीत लिहितो. पडदा जोडला की त्या ओळी आपोआप सरकू लागतात. काका चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ वाचत आणि "शाब्बास" म्हणत. एकदा बड्या कंपनीची टपालसेवा दिवसभर बंद पडली होती, आणि गल्लीत फक्त आमच्या घरी पत्रे येत होती. ते कौतुक काकांनी महिनाभर सगळ्यांना ऐकवले. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

पण बाहेरून चोरही येत. जगातली कोणकोणती यंत्रे दिवसाला हजार वेळा माझे दार वाजवत, काकूंचा पूर्ण ईमेल पत्ता सांगत आणि अंदाजाने पासवर्ड टाकून पाहत. काकांनी यावर एक युक्ती काढली. त्यांनी माझी सेटिंग बदलली. आत यायचे तर पूर्ण पत्ता सांगायचा नाही. पत्त्यातल्या '@' या गोल चिन्हाच्या आधीचे, घरातले छोटे नाव तेवढे सांगायचे. जो पूर्ण पत्ता सांगेल तो परका. शिवाय परक्याला कारण सांगायचे नाही. नाव चुकलेले असो वा पासवर्ड, 'प्रवेश नाकारला' एवढेच म्हणायचे. पाचदा चुकला की तासभर दार बंद. खरे कारण फक्त नोंदवहीत लिहायचे.

काकूंच्या लॅपटॉपवर काकांनी ते छोटे नाव स्वतः भरून दिले. त्या रोज फक्त पासवर्ड टाकून बटण दाबत. युक्ती काय आहे हे काकांनी कोणाला सांगितले नाही. सांगायची वेळच आली नाही.

आता काकूंच्या धाकट्या भावाविषयी सांगायला हवे. तो दूर एका हवामान केंद्रात नोकरीला होता. सहा वर्षांपूर्वी, आईच्या आजारपणात, काकू चार नातेवाइकांसमोर त्याला म्हणाल्या होत्या, "तुला कसलीच जबाबदारी नको असते." तो उठला. पिशवी उचलून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याने नोकरीचे ठिकाण बदलल्याचे कानावर आले, कुठे ते कळले नाही. ईमेलचा पत्ता तेवढा कोणाकडून तरी मिळाला होता. गेल्या महिन्याच्या दोन तारखेला काकूंनी सहा वर्षांचा हट्ट सोडला आणि त्याला लिहिले, 'कसा आहेस? – ताई.' ते पत्र मीच पोचवले.

चार तारखेला रेडिओकाका चहाचा कप उचलता उचलता टेबलासकट कोसळले. टेबलावरचा लॅपटॉपही पडला आणि फुटला. त्यांना पक्षाघात झाला होता. घराला कुलूप लागले. मी कपाटावर एकटाच चालू होतो.

नऊ तारखेला भावाचे उत्तर आले. पत्र माझ्याच पोटात होते, म्हणून मला ते माहीत आहे. 'ताई, तुझी एक ओळ दहा वेळा वाचली. तीस तारखेला निवृत्त होतोय, केंद्राची खोली सोडावी लागेल. काही दिवस तुझ्याकडे येऊ का? "ये" एवढंच लिही. हा पत्ता केंद्राचा आहे, तीसच्या संध्याकाळी बंद होईल. उत्तर आलं नाही तर मी समजेन.'

काकांना बावीस तारखेला घरी आणले. उजवा हात लुळा, आणि वाचा गेलेली. 'हं, हं' एवढाच आवाज. लेकीने आईसाठी नवा मोबाईल आणला आणि त्यात ईमेल जोडायला बसली. मोबाईलने आपल्या शहाणपणाने नावाच्या जागी पूर्ण पत्ता भरून टाकला. काकूंनी पासवर्ड टाकला. अगदी बरोबर टाकला हो! पण मी काय करणार? मी 'प्रवेश नाकारला' म्हणालो.

"आई, नीट आठव ना."

"अगं, रोज टाकत होते मी, आठवायचं काय त्यात?"

पाच वेळा झाले. मी तासभर दार लावून घेतले. नोंदवहीत मात्र लिहिले: पासवर्ड बरोबर, पण पूर्ण पत्ता दिला, घरातले छोटे नाव हवे.

"मामाचा पत्ता सांग, माझ्या ईमेलवरून लिहिते," लेक म्हणाली.

"तो त्या कपाटावरच्या पेटीतच आहे गं. मी नुसतं त्याच्या नावावर बोट ठेवायचे."

सत्तावीस तारखेला त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावले. तो हसतमुख होता. मला पाहून म्हणाला, "काकू, हे इथे काय करतंय? संग्रहालयात द्या की!" मग त्याने मोबाईलमधल्या सगळ्या सेटिंग चाळल्या. सुरक्षेचे पर्याय फिरवले, आकडे बदलले, नावाला मात्र हात लावला नाही. नाव तर डोळ्यांसमोर बरोबर दिसत होते. शेवटी तो स्टुलावर चढला आणि त्याने मला पडदा जोडला. माझ्या ओळी सरकू लागल्या. तीच ओळ, पुन्हा पुन्हा, त्याच्या नाकासमोरून. मी आणखी काय करू शकत होतो?

"काय लिहिलंय रे त्यात?" काकूंनी खालून विचारले.

"हे चालूच असतं काकू. एवढं कोण वाचत बसतं!" त्याने तार ओढून काढली. "पासवर्डच चुकतोय तुमचा. आतली किल्ली, म्हणजे या यंत्राचा मुख्य पासवर्ड, काकांकडे, आणि ते तर... असो. सगळं पुसून नवं बसवून देऊ का? अर्ध्या तासाचं काम आहे."

"पुसायचं म्हणजे? आलेली पत्रंसुद्धा?"

"ती जाणारच की."

काकूंनी वर माझ्या हिरव्या दिव्याकडे पाहिले. मला माझ्या पंख्याचाही आवाज नकोसा झाला. मग त्या म्हणाल्या, "नको. बंद असलं तरी असू दे."

त्या दिवसापासून काका मोबाईल मागू लागले. डावा हात पुढे करायचे, 'हं, हं' करायचे. काकूंनी दिला, तर ते डाव्या अंगठ्याने नावातली शेवटची अक्षरे पुसू लागले. एक पुसले, दुसरे पुसले. काकूंनी मोबाईल काढून घेतला.

"अहो, पुसू नका ना! आधीच घोळ झालाय, त्यात तुम्ही भर घालताय."

त्या ओढाताणीत बटण दाबले गेले आणि माझ्या दाराशी अर्धा पुसलेला पत्ता आला. मी ओळखले की हे काका आहेत. काकांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होते, आणि दोघेही मुके. दार उघडायला मी किती तळमळलो ते मलाच माहीत. पण मला घालून दिलेला नियम मला मोडता येत नाही. अर्धे नाव म्हणजे चुकीचे नाव. मी नाकारले. दुसऱ्या दिवशी तेच झाले. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

एकोणतीस तारखेला भावाचे दुसरे पत्र आले. 'ताई, उत्तर नाही. असू दे. दक्षिणेकडे जातोय. राग नाही.'

तीस तारीख गेली.

एक तारखेला लेकीला सुट्टी होती. काकांनी पुन्हा हात पुढे केला, पुन्हा पुसू लागले. काकू उठल्या, तशी लेकीने त्यांना अडवले.

"थांब आई. बाबा चुकत नाहीयेत. बघ, रोज शेवटूनच पुसतात. पुसू दे त्यांना किती पुसायचंय ते."

काकांनी ते गोल चिन्हसुद्धा पुसले आणि अंगठा उचलला. काकूंनी पासवर्ड टाकला. मी दार सताड उघडले.

सत्तेचाळीस पत्रे होती. काकूंनी दोनच वाचली. मग त्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसल्या. लेकीने पत्राखालचा केंद्राचा क्रमांक फिरवला. तिकडे नवा माणूस होता.

"ते काल संध्याकाळीच चावी देऊन गेले हो. पत्ता? नाही दिला. मोबाईल? ते वापरतच नाहीत की. तुम्ही घरच्याच ना? तुम्हाला माहीत नाही?"

तरीही काकूंनी लिहिले, 'ये. – ताई.' मी ते पत्र जितक्या घाईने नेता येईल तितक्या घाईने नेले. पलीकडच्या यंत्राने सांगितले, या नावाचे इथे कोणी नाही. कारण विचारायची सोय नव्हती. परत आलेले पत्र मला काकूंच्याच हाती द्यावे लागले.

आता लेक दर रविवारी मला पडदा जोडते आणि काकांना शेजारी बसवून नोंदवही वाचते. छोट्या नावाची युक्ती तिने कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवली आहे. काकू दर तासाला टपाल उघडून पाहतात. 'नवीन पत्र नाही' असे मला दर तासाला सांगावे लागते.

मित्रांनो, घर ज्यावर चालते ती गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका. यंत्र काही लिहीत असेल तर ते वाचा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या हातातली वस्तू घाईने काढून घेऊ नका. आणि कोणाचे उत्तर आले नाही, तर निघून जाण्याआधी दुसऱ्या वाटेने एकदा विचारून पाहा.

माझी आणखी एक विनंती आहे. दक्षिणेकडे तुम्हाला कोणी म्हातारा भेटला, मोबाईल न बाळगणारा, जन्मभर हवामानाच्या नोंदी केलेला, तर त्याला कृपा करून सांगा की ताईने तुमचे पत्र वेळेत वाचलेच नव्हते. वाचल्यावर तिने लिहिलेला एक शब्द परत आला आहे, आणि तो माझ्याजवळ आहे.