बंद मोटारीचा ताप

गोडबोल्याने मॅक्रोच्या डोक्यावरचं ताईचं नाव खोडून स्वतःचं घातलं, तेव्हा ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिने तोंडातून ब्र काढला नाही. आरडाओरडा केला की समोरचा सावध होतो, हे ती सासरी शिकली होती.

कारखान्यातल्या सगळ्या मोटारींचं तापमान कॉम्प्युटरवरच्या एका शीटमध्ये यायचं. त्यातली सर्वांत तापलेली मोटार शोधून दुरुस्तीसाठी पुढे काढायची, एवढंच त्या मॅक्रोचं, म्हणजे शीटमागच्या छोट्या प्रोग्रॅमचं काम. आई दवाखान्यात असताना तिच्या उशाशी बसून ताईने तो लिहिला होता. गोडबोल्यालाही तिनेच हाताला धरून शिकवलं. आता हा शहाणा तोच मॅक्रो साहेबांना दाखवून विभागप्रमुखाच्या खुर्चीत बसणार होता. ती खुर्ची हक्काने ताईची होती.

साहेबांना दाखवायच्या आदल्या दिवशी तो तिच्या टेबलाशी आला, नेहमीसारखी आवाजात साखर घोळून.

"ताई, ही प्रत्येक खण तपासणारी ओळ कशाला हो? उगाच वेळ खाते. काढू का?"

सगळा डोलारा त्याच ओळीवर उभा होता. शीटमधून उचललेला माल आधी अ‍ॅरेत जायचा, म्हणजे खणांच्या एका लांबलचक रांगेत. त्या खणांना कशाचंच वावडं नव्हतं. एकात आकडा, शेजारी तारीख, पलीकडे कामगाराने टाइप केलेला एखादा शब्द. आणि आकड्याची गाठ शब्दाशी पडली की मॅक्रो डोळे झाकून शब्दालाच मोठा म्हणायचा. म्हणून आकडा नसेल त्याला ती ओळ दारातच अडवायची.

ताईने चष्मा पुसला. "मॅक्रो तुमचा, भाऊ. नको वाटत असेल तर काढा."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. गोडबोल्याने ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर आलं: सर्वांत तापलेली मोटार, पाचवी. तापमान, बंद.

"बंद अंश म्हणजे किती?" साहेबांनी विचारलं.

मागून फोरमन म्हणाला, "पाचवी तर आम्ही खोलून ठेवलीय, साहेब. म्हणून तिच्या खणात 'बंद' लिहिलंय. तापायला तिच्यात तारच नाही."

खोलीभर हशा पिकला. गोडबोल्याचं तोंड पांढरं पडलं. ताईला मात्र इतका गारवा कित्येक महिन्यांत लाभला नव्हता, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"ती ओळ काढा असं ताईच म्हणाल्या," तो चिडून बोलून गेला.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅक्रो तुम्ही लिहिलात ना? मग ताईंना विचारायला का गेलात?"



संध्याकाळी तो पुन्हा तिच्या टेबलाशी आला. या वेळी साखर नव्हती. "साहेबांनी पाठवलंय. ती ओळ परत कशी लिहायची?"

"बसा. आधी सगळ्यात वरची."

तिने आपलं पूर्ण नाव एकेक अक्षर सांगत त्याच्याकडून टाइप करून घेतलं. मग पर्स उचलली.

"खालची उद्या," ती म्हणाली. "सावकाश घेऊ."