पास झाली की!

निकाल लागला तेव्हा ती कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसून केळं खात होती. मोबाइलवर यादी उघडली. पाच विषयांपुढचे आकडे ठीक होते. सहावा विषय मेकॅनिक्स, त्याच्यापुढे सत्तावीस. पास व्हायला चाळीस लागत होते. तिनं पान बंद करून पुन्हा उघडलं. सत्तावीसच. घास तोंडात तसाच राहिला.

घरात तिला सगळे मास्तर म्हणत. सहा वर्षांची असल्यापासून ती बादल्या ओळीनं मांडून त्यांना पाढे शिकवायची, चुकलेल्या बादलीला उलटी करून ठेवायची. शाळेत दहा वर्षं तिचा नंबर पहिल्या तिघांत असायचा. नापास व्हायचं असतं ते इतरांनी, आपण त्यांना धीर द्यायचा, अशी तिची साधी समजूत होती. कॉलेजात एकशे ऐंशी जणांच्या वर्गात बसल्यावर पहिल्याच महिन्यात मेकॅनिक्स डोक्यावरून जायला लागलं. फळ्यावरचं ती मोत्यासारख्या अक्षरात वहीत उतरवायची आणि घरी येऊन वही मिटून ठेवायची. विचारायचं कुणाला? विचारलं तर कळेल ना, की हिला कळत नाही.

पायऱ्यांवरून उठायच्या आत बाबांचा फोन आला. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. शहरातल्या चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे होत्या, आणि त्या चाळीसही इमारतींतल्या वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की यांची पोरगी इंजिनियर होणार आहे.

"काय मास्तर, लागला का निकाल?"

"लागला."

"मग?"

"झालं."

"झालं म्हणजे? पास ना?"

बाबांच्या मागे कुणीतरी हातोडी मारत होतं.

"हो बाबा. पास."

फोन ठेवायच्या आधी बाबांचा आवाज लांब गेला. ते कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "पास झाली की!"

एका शब्दाचं काम होतं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या आला तेव्हा बाबांचा कामावरचा जोडीदार घरी येऊन "काय इंजिनियरीणबाई!" म्हणून गेला होता, आईनं आपल्या कामावरच्या, हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या बायकांना सांगून झालं होतं, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आपल्या लेकीला "बघ जरा तिच्याकडे" असं ऐकवलं होतं. मग परवा. मग रविवारी. खोटं बोलायला एक क्षण पुरला, मागे घ्यायला तीन आठवडे पुरेनात.

फेरपरीक्षेचा फॉर्म भरायचा होता. तो भरला की पालकांच्या मोबाइलवर संदेश जातो, असं सूचनेत लिहिलं होतं. तिनं फॉर्म भरलाच नाही. कॉलेजकडून आलेली मेलसुद्धा ती उघडत नव्हती. पाकीट फोडलंच नाही की आतलं पत्र खरं नसतं, असं काहीतरी. घरात मात्र ती न सांगता भांडी घासायला लागली, चादरींच्या घड्या करायला लागली.

"तुझं काही दुखतंय का?" आईनं एकदा विचारलं.

"नाही. का?"

"कपाट आवरलंस म्हणून विचारलं. तू आणि कपाट!"

एका शुक्रवारी जेवताना बाबा म्हणाले, "जोडीदाराची कंबर धरलीये. उद्या सर्व्हिसिंगला चल माझ्याबरोबर. वर मशीनपाशी एक, खाली दाराशी एक, दोन माणसं लागतात."

"कुठे?"

"तुझ्या मॅडमच्या इमारतीत. मेकॅनिक्सच्या. सांगितलं नव्हतं का तुला? तिसऱ्या मजल्यावर राहतात. भेटल्या तर ओळख काढू."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर बाबा एकटेच मॅडमना भेटणार आणि एकटेच ओळख काढणार. निदान आपण असलो तर काहीतरी करता येईल. काय करता येईल, हे तिला माहीत नव्हतं.

सकाळी नऊला ते पोचले. सहा मजल्यांची जुनी इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट. बाबांनी तळमजल्यावर "काम चालू आहे" अशी पाटी अडकवली आणि तिला प्रत्येक मजल्यावर दाराचा खटका तपासायला लावला. दार नीट लागलं की वर हाक मारायची, एवढंच काम. तिसऱ्या मजल्यावर ती इतकी हळू बोलली, की बाबा जिन्यावरून ओरडले, "अगं, आवाज कुठे गेला?"

त्या ओरडण्यानं समोरचं दार उघडलं. घरातल्या चपला घातलेल्या, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेल्या मॅडम बाहेर आल्या. वर्गात त्या उंच वाटायच्या. इथे तिच्या खांद्याला लागत होत्या.

"लिफ्ट किती वेळ बंद आहे?"

बाबा धडधडत खाली आले. हात ग्रीसनं काळे, तोंडावर हसू मावत नव्हतं. "तासभर फक्त. मॅडम, ही माझी मुलगी. तुमच्याच कॉलेजात आहे. पहिल्या वर्षाला. तुमचाच विषय होता हिला."

"हो का?" मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. ओळख पटल्याची काही खूण चेहऱ्यावर नव्हती. एकशे ऐंशी चेहरे, त्यातला हा एक. "कसं गेलं मग?"

तिनं तोंड उघडलं. बाबांनी तिला बोलू दिलं नाही.

"पास झाली की! शाळेपासून गणितात एक नंबर. आमच्या खानदानात कुणी इंजिनियर नाही मॅडम, ही पहिली. तुमच्यासारख्यांनी शिकवलं म्हणून."

"छान. अभिनंदन," मॅडम म्हणाल्या आणि दार लोटलं.

ती सुटली होती. कुणाला काही कळलं नव्हतं. तरीही तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रीसचे हात अंगापासून लांब धरून, त्या बाईसमोर थोडे वाकून, तिच्या खोट्याची फुशारकी मारणारे बाबा. तीन आठवडे तिला स्वतःची लाज वाटत होती. आता लक्षात आलं, की तिनं बाबांना चारचौघांत उघडं करून ठेवलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत बाबा लिफ्टच्या पोलादी दोरांवर हात फिरवून तारा तुटल्यात का बघत होते. ती दारात उभी राहिली.

"बाबा, मी नापास आहे."

"कशात?"

"मेकॅनिक्समध्ये. सत्तावीस मिळालेत. तुम्हाला खोटं सांगितलं."

बाबांचा हात दोरावरच थांबला. "मॅडमच्या?"

"हो."

"आणि मी आत्ता तिथे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. फडक्यानं एकेक बोट पुसलं, सगळी दहा. मग विचारलं, "अभ्यास केला नव्हतास?"

"कळतच नव्हतं. पहिल्यापासूनच. एक प्रश्न तर मी कोराच सोडला."

"कसला?"

हे तिला सांगायचं नव्हतं. "कप्पीचा. दोराच्या एका बाजूला एक वजन, दुसऱ्या बाजूला दुसरं. दोराला किती ताण येतो ते काढायचं."

बाबांनी समोरच्या चाकाकडे पाहिलं. त्याच्यावरून चार दोर खाली गेले होते, एका बाजूला लिफ्ट, दुसऱ्या बाजूला तिच्या तोलाची लोखंडी वजनं.

"म्हणजे हेच."

"हो."

"लिफ्टवाल्याची पोरगी तू," ते हळूच म्हणाले. त्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "नापास झालीस, ते बघू. मीही नववीत दोनदा बसलोय. पण मला तू माणसांसमोर नाचवलंस गं. तीन आठवडे."

ती रडायला लागली. त्यांनी तिला उगी केलं नाही. उरलेलं काम केलं, तेल घातलं, लिफ्ट दोनदा वर-खाली नेऊन पाहिली, कार्डावर तारीख आणि सही केली. मग हत्यारांची पिशवी उचलून म्हणाले, "चल."

तिला वाटलं घरी. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली.

"बाबा, नको. प्लीज, नको."

"मी बोललोय ते. मलाच मागे घ्यायला पाहिजे."

मॅडमनी दार उघडलं. आता केस वाळले होते, हातात चहाचा कप होता.

"मॅडम, मघाशी माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं," बाबा म्हणाले. "ही तुमच्या विषयात नापास आहे. मला माहीत नव्हतं. म्हणून आलो."

त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिनं आयुष्यात बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती जिन्याच्या फरशीकडे बघत राहिली, फरशीला एक तडा गेलेला होता, तोच बघत राहिली.

मॅडमनी कप आतल्या टेबलावर ठेवला. "बासष्ट जण नापास आहेत," त्या म्हणाल्या.

"बासष्ट?" बाबा दचकले. "एवढ्या इमारतींत लिफ्ट बंद पडल्या असत्या तर मला कामावरून काढलं असतं."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण मॅडम हसल्या, अगदी थोड्या. "माझंही चुकतंय कुठेतरी, खरं आहे. फॉर्म भरलास?"

प्रश्न तिला होता. तिनं नाही अशी मान हलवली.

"का?"

"घरी संदेश येतो."

"मंगळवारी मुदत संपते. दर मंगळवारी आणि गुरुवारी चार वाजता मी राहिलेल्यांसाठी बसते. सगळ्यांना मेल केलीय. बासष्टांतले चौघे येतात." मॅडम तिच्याकडे बघत होत्या, आता खरंच बघत होत्या. "बाकीचे कपाटं आवरत असावेत."

आईशी मॅडमचं बोलणं झालंय की काय, असं क्षणभर तिला वाटलं.

घरी आल्यावर आईला बाबांनीच सांगितलं, ती भाजी चिरत असताना, दोन वाक्यांत. आई म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि चिरत राहिली. शिव्या नाहीत, समजूत नाही. त्या घरात पहिल्यांदाच तिला मास्तर म्हणून कुणी हाक मारली नाही, आणि पुढचे कित्येक दिवस मारली नाही.

मंगळवारी फॉर्म भरून ती वर्गाच्या दारापर्यंत गेली आणि पाण्याच्या टाकीपाशी परत आली. दोनदा. तिसऱ्यांदा आत गेली. चौघे चार कोपऱ्यांत बसले होते, दवाखान्यात बसतात तसे, एकमेकांचं दुखणं न विचारता. ती पाचवी.

"कुठून सुरू करू या?" मॅडमनी विचारलं.

ती उभी राहिली. "मला पहिल्या पानापासूनच कळलेलं नाही."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा चष्मेवाला म्हणाला, "मला पण."

"मग पहिलं पान," मॅडम म्हणाल्या आणि फळा पुसला.

सात आठवडे ती जात राहिली. आपल्याला येत नाही हे दर वेळी तोंडानं सांगावं लागायचं आणि दर वेळी तितकंच अवघड जायचं. हळूहळू गणितं सुटायला लागली, सगळी नाही. एका संध्याकाळी बाबांबरोबर ती हार्डवेअरच्या दुकानात गेली होती. दुकानदारानं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतेय इंजिनियरीणबाई?" ती बिजागऱ्यांच्या खोक्यांआड होती, त्याला दिसत नव्हती.

"एक विषय राहिलाय," बाबा म्हणाले. "फेरपरीक्षा आहे."

"अरेरे."

"हो."

इतकंच. बाबांनी स्क्रू मोजून घेतले. तिला कळलं, की हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलेलं नाही. चाळीस इमारतींत ते असंच एकेकाला सांगत फिरले असणार, जिथे जिथे "पास झाली की" म्हणून आले होते तिथे तिथे. तिचे कान तापले. ती खोक्यांआडून बाहेर आली आणि दुकानदाराकडे बघून म्हणाली, "मेकॅनिक्स. सत्तावीस मिळाले होते." दुकानदारालाच कुठे बघावं ते कळेना.

फेरपरीक्षेचा निकाल लागला तेव्हा ती घरीच होती. एकावन्न. तिनं आकडा तीनदा वाचला. मग स्वयंपाकघरात गेली. बाबा चहा गाळत होते.

"बाबा, पास झाले. एकावन्न."

बाबांनी गाळणी खाली ठेवली. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि तिथेच थांबलं.

"दाखव," ते म्हणाले.

तिनं मोबाइल पुढे केला. त्यांनी तो घेतला, खिडकीपाशी उजेडात नेला. तिचं नाव वाचलं, नंबर वाचला, विषय वाचला, बोटानं रेघ धरून आकड्यापर्यंत गेले. बराच वेळ लागला. ती ओट्याला टेकून उभी होती आणि त्यांनी घाई करावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले आणि मोबाइल परत दिला. "आईला तू सांग."