क्ष म्हणजे आजी

गावच्या विरंगुळा केंद्रात वयाने जी सगळ्यात लहान, तिनेच लसूण सोलायचा, कॉफी करायची आणि थोरल्यांच्या चपला सरळ लावायच्या. पिल्बूनआजी या गावात राहायला आली तेव्हा हे तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं आणि तिने बेधडक आपलं वय एकोणऐंशी सांगून टाकलं. खरं वय त्र्याहत्तर. तेव्हापासून पंचाहत्तरीची मालसूक बिचारी मान खाली घालून सोलत बसायची.

आज मात्र नातीने, दाउनने, घोळ घातला. उद्या तिची गणिताची परीक्षा, म्हणून आजीनेच तिला सरावाला इथे आणून बसवलं होतं.

"हे आईने घालून दिलंय," दाउन मोठ्याने वाचू लागली. "आजीच्या वयात पाच मिळवले की तुझ्या वयाची सहापट होते. मी तेराची. म्हणजे क्ष अधिक पाच बरोबर अठ्ठ्याहत्तर."

आजी मनात चरफडली. सुनेला दुसरं काही सुचलं नाही?

"सोडव की," सुंदोक म्हणाली. ती ब्याऐंशीची, केंद्रातली सगळ्यात थोरली. जमिनीखालून शेक येतो ती सगळ्यात ऊबदार जागा तिची.

दाउनने पाच उचलले आणि बरोबरच्या चिन्हापलीकडे जसेच्या तसे नेऊन ठेवले. "त्र्याऐंशी."

सुंदोक गुडघे धरत उठली. "ताई, इतके दिवस बोलला नाहीत? या, इथे बसा."

आजी बसली. ऊब कमरेपर्यंत चढली. सुख सुख म्हणतात ते हेच. पण पोरगी त्या त्र्याऐंशीखाली ऐटीत दुहेरी रेघ मारत होती. उद्या पेपरातही हेच दिवे लावणार. एका गणिताने काय बिघडतंय, असं आजीने मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना.

"कार्टे, पलीकडे नेताना चिन्ह बदलतं. अधिकचं उणे होतं. किती वेळा सांगायचं?"

दाउनने खोडलं. "मग... त्र्याहत्तर."

मालसूकने लसणाची टोपली सरकवली. "घे गं, पिल्बून. आणि नीट सोल."

आजी सोलू लागली.

"मला जमलं," दाउन खुलली. "अजून एक करू. सुंदोकआजी, तुमचा मुलगा किती वर्षांचा? आणि तो झाला तेव्हा तुम्ही?"

"पुरे आता, पोरीला किती पिडाल," सुंदोक म्हणाली आणि मूठभर लसूण गुपचूप आपल्या पुढ्यात ओढला.